ज्याचा माल, त्याचीच जोखीम

‘चालक-मालक म्हणजे छोटा उद्योजक. धंदा म्हटला की जोखीम आलीच. अटी पटत नसतील तर सही करू नये. आणि विम्याचं म्हणाल, तर गाडीला फुल इन्शुरन्स असतोच की!’ एकाच ट्रकचा मालक आपलं गाऱ्हाणं घेऊन कुठेही गेला, तरी त्याला हेच ऐकवलं जातं. ऐकायला यातलं प्रत्येक वाक्य रास्त आहे. पण ज्याची गाडी एकच आणि स्टिअरिंगवरही तोच, त्याला ते लावून पाहिलं की एकही टिकत नाही.

आधी ‘फुल इन्शुरन्स’ घेऊ. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे २० ते ४० टन एकूण वजनाच्या मालवाहू ट्रकचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ४३,९५० रुपये, कर वेगळा. हा पैसा रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी आणि मालमत्तेसाठी. तो भरायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. त्यावरचा ‘ओन डॅमेज’चा हप्ता गाडीच्या पत्र्यासाठी आणि इंजिनासाठी. गाडी कर्जाची असेल आणि पार निकामी झाली, तर ते पैसे आधी फायनान्सवाल्याकडे वळतात. मग केबिनमध्ये बसलेल्या मालकासाठी काय? त्याच्यासाठी सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख झाली आणि हप्ता वर्षाला ७५० रुपये ठरला.

पंधरा लाख हा आकडा लहान नाही, हे मान्य. पण ते मिळतात कधी? माणूस मेला, दोन हात, दोन पाय किंवा दोन्ही डोळे गेले, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर. एकच अवयव गेला तर निम्मे. मांडीचं हाड मोडून सहा महिने खाटेवर पडलेल्या माणसाला यातून एक रुपया मिळत नाही. हॉस्पिटलचं बिल त्याचं, घरखर्च त्याचा आणि गाडीचा हप्ता तर चुकायचाच नाही. शिवाय अट अशी, की नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव, त्यालाच हे संरक्षण. कर्जाच्या सोयीसाठी गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असली, की तिथूनच वादाला तोंड फुटतं. थर्ड पार्टीचा रस्ता तर आधीच बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या निंगम्मा प्रकरणात सांगून ठेवलं आहे, की मालकाकडून वाहन मागून नेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो. आणि भरपाई देणाराही आपण, मागणाराही आपण, असं चालत नाही.

आता त्याच सीटवर पगारी ड्रायव्हर बसवून पाहा. तोच रस्ता, तोच अपघात, तीच मोडलेली मांडी. पगारी ड्रायव्हरच्या बाबतीत १९२३च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या तरतुदी लागू होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मिळतो. काम बंद असेल तेवढा काळ मजुरीचा ठरलेला भाग दर पंधरवड्याला मिळतो. आणि गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरची ही जबाबदारी धरलेली असल्याने हे देणं विमा कंपनीवर जातं. म्हणजे स्वतःच्या गाडीतला पगारी माणूस स्वतः मालकापेक्षा अधिक सुरक्षित! याला उद्योजकाची जोखीम म्हणायचं असेल, तर दहा गाड्या घेऊन दहा ड्रायव्हर ठेवणाऱ्या उद्योजकाच्या वाट्याला ती का येत नाही? त्याची मांडी मोडायला तो केबिनमध्ये असतोच कुठे.

आता ‘सही करू नये’ हा उपदेश. माल उतरवून रिकामी झालेली गाडी घरापासून चार राज्यं लांब उभी आहे. परतीचं भाडं मिळालं नाही तर डिझेल पदरचं. रात्री अकराला दलाल मेमो पुढे करतो: एवढा अ‍ॅडव्हान्स, बाकी पोच परत आल्यावर, शॉर्टेज कापून. मागे बारीक छपाईत दहा-बारा अटी. या घडीला जो सही नाकारतो, तो रात्र तिथेच काढतो. करारस्वातंत्र्याचं तत्त्व ज्यांना फार प्रिय आहे, त्यांनी कधीतरी ही रात्र काढून पाहावी.

आणि त्या अटींत असतं काय? समजा, लासलगावहून पंचवीस टन कांदा कोलकात्याला निघाला. वाटेत कांदा वाळतो, वजन घटतं. हे शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, दलालाला, सगळ्यांना ठाऊक असतं. नुसती एक टक्का घट धरली तरी अडीचशे किलो. वीस रुपये दराने पाच हजार. ते बाकीतून कापले जातात, जणू ड्रायव्हरने वाटेत कांद्याची भजी तळून खाल्ली! तिकडे गोदामापुढे दोन दिवस गाडी खोटी झाली, तर हॉल्टिंगचा कागद कुणी देत नाही.

इथे कायद्याचा आधार सांगितला जातो. मीही तोच सांगतो. रस्ता मालवाहतुकीचा २००७चा कायदा ‘सामाईक वाहक’ म्हणतो, तेव्हा त्यात बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल हे सगळे येतात. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणारा वाहक असतो, आणि मालधन्याने जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे. नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मालधन्यासमोर ट्रान्स्पोर्टवाल्याला ढाल आहे. पण तोच ट्रान्स्पोर्टवाला खाली वळून गाडीवाल्याला मेमो देतो, तेव्हा ही ढाल मेमोत उतरत नाही. तिथे वसुलीला मर्यादा नाही.

‘मालाचा वेगळा विमा असतो, गाडीवाल्याला कसली भीती?’ हा त्यातलाच भोळा प्रश्न. मालाचा विमा मालधन्याचा. विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून वाहकाकडे वसुली मागते. वाहक खाली बोट दाखवतो. शेवटी ते येऊन थांबतं ते केबिनपाशी.

थकलेल्या बाकीसाठी लघुउद्योग कायद्यातली पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि चक्रवाढ व्याजाची तरतूदही दाखवली जाते. तरतूद चांगलीच आहे. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि गाडीवाल्याच्या नावाचं बिल हवं. त्याच्या हातात असतो दलालाचा मेमो, अनेकदा तोही कच्चा.

मग करायचं काय? चालक-मालकाला कुणाचा तरी नोकर ठरवा, असं माझं म्हणणं नाही. त्याला नोकरी नकोच आहे, म्हणून तर त्याने कर्ज काढून गाडी घेतली. प्रश्न फक्त जोखमीचा खर्च कुणी उचलायचा एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याला कुणाचाच कामगार मानत नव्हते. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी चळवळ उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. माल ज्याचा, त्याने माथाडी मंडळाकडे मजुरी भरायची आणि वर लेव्ही. त्यातून हमालाचा प्रॉव्हिडंट फंड, उपचार, सुट्ट्या. त्याच गोदामापुढे, त्याच मालासाठी तिष्ठत उभ्या असलेल्या गाडीवाल्याला यातलं काहीच लागू झालं नाही.

माथाडीचं नाव काढताच उद्योजक खंडणीची आठवण करून देतात. खोटे माथाडी आहेत, आणि वराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशांच्या, नावाखाली सर्वांत आधी लुटला जातो तो गाडीवालाच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा त्यातूनच आली. पण लूट होते ती फाटकावर, रोख पैशांत. आज अशा रोख वसुलीची गरजच उरलेली नाही. २०१८च्या एप्रिलपासून पन्नास हजारांवरच्या बहुतेक मालाला राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागतं आणि त्यात गाडीचा नंबर भरावा लागतो. कुठला माल, कुणाचा, कुठल्या गाडीत, हे सरकारच्या संगणकावर आधीच आहे. त्याच नोंदीवर मालधन्याकडून फेरीमागे लेव्ही घ्या, ती गाडीच्या नंबरावर जमा करा आणि त्यातून चालक-मालकाला उपचारखर्च आणि मोडलेल्या महिन्यांचं उत्पन्न देणारा विमा द्या. भाडं वाढेल म्हणता? हा खर्च आजही होतोच आहे. फक्त तो भाड्यात दिसत नाही, सावकाराच्या वहीत दिसतो.

मेमोसाठी तर नवा कायदाही नको. छापील नमुना ठरवा, मराठी-हिंदीत. त्यात जिनसेप्रमाणे मान्य घट लिहा, कितव्या तासापासून हॉल्टिंग सुरू होतं ते लिहा, बाकी किती दिवसांत द्यायची ते लिहा. आणि वसुलीपुढे तोच दहापटीचा आकडा घाला, जो ट्रान्स्पोर्टवाल्याने स्वतःसाठी नियमांतून घेतला आहे. यापैकी नेमकी कोणती ओळ धंद्याला परवडत नाही, तेवढं ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या संघटनांनी सांगावं.