कागदांची किल्ली कुणाजवळ?

२०२४चा जुलै महिना आठवतो ना? २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, १ जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि आमच्या चिखलीपासून पार संग्रामपूरपर्यंत सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. प्रत्येकीच्या हातात एक कॅरीबॅग. तिच्यात आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि दमट हवेनं लोळागोळा झालेल्या झेरॉक्स! शेजारच्या काकूंना घेऊन मीही उभी होते. खिडकीशी पोचलो तर कळलं, शाळेचा दाखला घरीच राहिलाय. काकू म्हणाल्या, "पेटीतच व्हता वं बाई, पन पेटीची चाबी त्यायच्यापाशी हाये." त्यायच्यापाशी म्हणजे काकांजवळ. आणि काका वावरात!

त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो. पण एक गोष्ट मनात घर करून राहिली. कागद बाईचा, नाव बाईचं, मात्र किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

खरं तर या पेटीला पर्याय केव्हाचाच आलाय. केंद्र सरकारनं १ जुलै २०१५ला डिजिटल इंडियाबरोबर 'डिजिलॉकर' सुरू केलं. फुकट आहे. मोबाईलवर ॲप घ्यायचं, आधारच्या ओटीपीनं खातं उघडायचं, सहा आकडी पिन ठरवायचा. झालं! आपल्यापैकी कितीतरी जणींच्या फोनमध्ये ते आहेही. पोराच्या दहावीच्या निकालाच्या वेळी घेतलेलं असतं, नंतर कुणी उघडून बघत नाही. किंवा मग फोटोंचा डबा म्हणून वापरतो. इथंच आपली चूक होते.

या लॉकरला दोन कप्पे आहेत. एक आपण स्वतः भरायचा. कागदाचा फोटो काढला आणि टाकला. त्यासाठी एक जीबी जागा मिळते. दुसरा कप्पा सरकारी खातं स्वतः भरतं. आधार, पॅन, गाडीचं लायसन, आरसी बुक, बोर्डाची गुणपत्रिका, असे कागद तिथं थेट त्या त्या खात्याकडून येतात. २०१७च्या नियमानुसार या दुसऱ्या कप्प्यातला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा. पहिल्या कप्प्यातला मात्र नुसता फोटोच. रेल्वेनं २०१८मध्ये ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन चालेल असं सांगितलं, तेव्हा हेही स्पष्ट केलं होतं की आपण स्वतः चढवलेला फोटो चालणार नाही. म्हणजे मलकापूरला किंवा शेगावला गाडीत बसल्यावर टीसीला दाखवायचं असेल, तर खात्याकडून आलेलंच दाखवा.

मग फोटोच्या कप्प्याचा उपयोग काय? आहे, खूप आहे. जुलै २०२३मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. घराघरांत पाणी शिरलं. धान्य गेलं, भांडी गेली, तसे कागदही चिखलात गेले. नुकसानभरपाईच्या अर्जाला पुन्हा कागदच लागतात! अशा वेळी जुन्या टीसीचा, लग्नाच्या नोंदीचा, विम्याच्या पॉलिसीचा स्पष्ट फोटो हाताशी असला, तर नंबर आणि तारीख तरी मिळते. दुसरी प्रत काढायला धागा सापडतो. सातबाऱ्याचं तर आणखी सोपं. महाभूमीच्या साईटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तोही इथं ठेवता येतो.

इथवर सगळं छान. आता खरी मेख सांगते.

या लॉकरची किल्ली म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर. तो कुणाचा आहे? माझ्या भिशीतल्या बारा जणींना विचारलं. पाच जणींचा नवऱ्याचा, दोघींचा मुलाचा. एकीचा तर कार्ड काढलं तेव्हा दुकानदारानं स्वतःचाच टाकून दिलेला! म्हणजे पेटी मोबाईलात आली, पण चाबी अजून त्यायच्यापाशीच.

हे किती महागात पडतं, ते सप्टेंबर २०२५नंतर कळलं. लाडक्या बहिणीला ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत गेली. ज्यांचा नंबर बंद पडलेला, त्या बायकांनी मजुरी बुडवून आधार केंद्राच्या चकरा मारल्या. विधवा, वेगळ्या राहणाऱ्या यांचे तर हालच. घरातला पुरुषच नाही, तर ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? त्यांच्यासाठी मागाहून वेगळी वाट काढावी लागली. योजना बाईची, पण यंत्रणा मात्र बाईला एकटी धरतच नाही.

दुसरी अडचण नावाची. बरेच कागद लॉकरमध्ये ओढायचे तर नाव आधारशी जुळावं लागतं. आपली गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. कुठं वडिलांचं नाव, कुठं नवऱ्याचं, कुठं 'बाई' लागलेलं, कुठं नाही. कंप्युटरला वाटतं या दोन निरनिराळ्या बायका! हा गुंता लॉकर सोडवत नाही. तो लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद घेऊनच सोडवावा लागतो. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाई नको. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव आलं, ही चांगलीच गोष्ट. पण आईच्या स्वतःच्या नावाचा घोळ अजून तसाच आहे.

तेव्हा मी तर म्हणेन, पहिलं काम ॲपचं नाहीच. आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडा. १ ऑक्टोबर २०२५पासून त्याला ७५ रुपये लागतात. खर्च आहे, पण करायलाच हवा. मग लॉकर उघडा, पिन स्वतः ठरवा, कुणाला सांगू नका. केंद्रावरच्या कंप्युटरवर उघडलं तर लॉग आऊट करूनच उठा. "ताई, ओटीपी सांगा, मी करून देतो" म्हणणारा कितीही गोड बोलो, आकडा आपण स्वतः टाका. फसगत झालीच तर १९३० नंबरवर लगेच फोन करा. आणि हो, मूळ कागद टाकून देऊ नका! नेट नसलेल्या गावात आणि झेरॉक्सच मागणाऱ्या खिडकीवर अजून तेच कामी येतात.

काकूंनी गेल्या महिन्यात स्वतःचा नंबर जोडला. काकांनी विचारलं, "तुले काय करायचा वं नंबर?" काकू म्हणाल्या, "पेटी माही हाये, मंग चाबी नोको का?" काका गप्प बसले.

आपल्या आज्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून घर सांभाळायच्या. आपला जुडगा आता सहा आकड्यांचा झालाय. तो तुमच्याजवळ आहे का, आज रात्री जेवणं आटोपल्यावर एवढं बघून ठेवा.