घरगुती वनौषधि : गुग्गुळ

सांधे धरले कीं योगराज गुग्गुळ, गळवें झालीं कीं त्रिफळा गुग्गुळ, हा आपल्या घराघरांतून चालत आलेला परिपाठ आहे. परंतु ज्या झुडपाच्या अंगांतून हें औषध स्रवतें, तें नांदेड-लातूरकडील वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. त्याचें माहेर म्हणजे कच्छ, सौराष्ट्र व राजस्थान यांतील रुक्ष, खडकाळ भूमि. पुरुषभर उंचीचें, वेड्यावांकड्या कांटेरी फांद्यांचें आणि सालीचे कागदासारखे पापुद्रे सोडणारें हें झुडूप वर्षांतील बहुतेक काळ निष्पर्णच असतें.

आपल्याकडे या नांवाखालीं बरीच सरमिसळ चालते. किनवट-माहूरच्या अरण्यांत सालई व धावडा हे दोन्ही वृक्ष आहेत. सालईचा सुगंधी चीक धुपांत पडतो व ‘सालई गुग्गुळ’ म्हणून विकलाही जातो. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो. दोन्ही आपापल्या जागीं उत्तम. योगराजांतील गुग्गुळ मात्र तो नव्हे. खरा गुग्गुळ पाण्यांत घोटला असतां पाणी दुधाळ होतें. धावड्याचा डिंक विरघळून नुसता चिकटपणा येतो.

हें झुडूप चीक देण्याजोगें होण्यास आठ-दहा वर्षें लागतात. मग हिवाळ्याच्या अखेरीपासून सालीस हलक्या खांचा पाडतात, व ठिबकून घट्ट झालेला चीक कांहीं दिवसांनीं खरवडून घेतात. एका हंगामांत एका झुडपापासून मिळणार तो सुमारें पाव ते अर्धा किलो! तेवढ्यानें समाधान न होऊन लोभी माणसें खोल घाव घालतात, जखमेंत तीव्र द्रव्यें भरतात. चीक भरपूर येतो खरा, पण झुडूप मरतें. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें २०१५ सालीं या वनस्पतीची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गांत केली, त्याचें हें एक मुख्य कारण होय.

ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या मुलखांत अल्प पाण्यावर जगणाऱ्या झाडाचा मोह पडावा यांत नवल नाहीं. तथापि काळ्या कसदार जमिनींत तें लावूं नये. पाणी सांचून मुळें कुजतात. पाण्याचा निचरा होणारा मुरमाड माळ असेल तरच विचार करावा. बीं फार कमी उगवतें, म्हणून फांदीचीं छाटकलमें लावण्याची रीत आहे. पैशाची घाई असलेल्यानें या वाटेस न जाणेंच बरें. बांधावर चार-सहा झुडपें जगवून त्यांस पहिलीं दहा वर्षें हातही न लावणारा गृहस्थ मात्र आम्हांस अधिक आवडेल.

आतां औषधाविषयीं. सुश्रुतानें मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. तो धागा धरून काशी हिंदु विश्वविद्यालयांत डॉ. सत्यवती यांनीं सशांवर प्रयोग केले व १९६६ सालीं आपला प्रबंध सादर केला. गुग्गुळानें रक्तांतील चरबी उतरते असें त्यांत दिसलें. मात्र २००३ सालीं अमेरिकेंत १०३ रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या परीक्षेंत रक्तांतील अपायकारक चरबी उतरण्याऐवजीं किंचित् वाढलीच, व कांहींच्या अंगावर पुरळही उठलें. एवढ्यावरून वैद्यकाची सारी परंपरा खोटी ठरत नाहीं, कारण तेथें गुग्गुळाचा अर्क दिला होता. शोधन करून अनेक द्रव्यांसह दिलेला गुग्गुळ नव्हे. पण शेजारच्या काकांना गुण आला म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांच्या हृदयविकाराच्या गोळ्या बंद करून गुग्गुळ सुरू करणें हें साहस होय. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचें शोषण गुग्गुळानें कमी होतें, असेंही आढळलें आहे. अशीं औषधें चालू असतील तर वैद्य व डॉक्टर या दोघांसही तें सांगावें. गर्भवती सुनेस किंवा लेकीस तर हें औषध स्वतःच्या विचारानें मुळींच देऊं नये.