जाहीर इशारा : पंधरा दिवसांत गटार उखडा, नीट बांधा

मुख्याधिकारी, नगरपरिषद यांस,

बाजाररस्त्याकडेचे गटार आणि पदपथ यांचे काम निकृष्ट झाले आहे. आम्ही तोंडी सांगितले. लेखी दिले. प्रत्येक अर्जावर आपल्या आवक विभागाचा शिक्का आहे. उत्तर एकाही अर्जाला नाही.

आम्ही वाट पाहिली. पावसाळा काढला. आता वाट पाहणार नाही.

काँक्रीटवर किल्ली ओढली की वाळू झडते. ढाप्यांतली सळई उघडी पडून गंजली आहे. गटाराचा उतार उलटा आहे. पाणी नाल्याकडे जात नाही, दुकानांच्या पायऱ्यांशी तुंबते. पेव्हर ब्लॉक भुसभुशीत मातीवर मांडले आहेत.

काँक्रीट किमान सात दिवस ओले ठेवावे लागते. भारतीय मानक ४५६ तसे सांगते. इथे पाणी मारताना कोणी पाहिले नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी २८ दिवसांनी होते. तिचे अहवाल मागितले, दाखवले नाहीत. चालू बिले मात्र निघाली.

वरवर सिमेंटचा हात फिरवलेला चालणार नाही.

मागण्या तीन.

ठेकेदाराचे अंतिम देयक आणि अनामत रोखा.

आमच्या समक्ष कोअर काढा आणि त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासा.

सदोष काम उखडून ठेकेदाराच्या खर्चाने पुन्हा करा.

दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही. तो संपेपर्यंत फाईल दाबून ठेवता येईल, असे कोणी समजू नये.

मुदत पंधरा दिवस. मुदतवाढ नाही.

त्यानंतर मोजमाप पुस्तक तपासू. कामाचे प्रमाणित नमुने घेऊ. माहिती अधिकार कायदा, २००५ तो हक्क देतो. ते नमुने जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू. तिथे दाद लागली नाही, तर उच्च न्यायालयात जाऊ. बाजारपेठ बंद राहील. नगरपरिषदेच्या दारात ठिय्या बसेल. व्यापारी, रिक्षाचालक, रहिवासी यांचे एकमत झाले आहे.

खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्या, ती जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. उद्या तुटक्या ढाप्यात कोणी पडले, तर माहीत नव्हते असे आपल्याला म्हणता येणार नाही. आमचे अर्ज आपल्याच दप्तरात आहेत.

सोळाव्या दिवशी आम्ही निवेदन घेऊन येणार नाही.