घरचे मत

२००७ सालच्या जुलैतली गोष्ट. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदासाठी उभ्या होत्या आणि आमच्या अमरावती जिल्ह्यात घरचे लग्न निघाल्यासारखे वातावरण झाले होते. १९९१ साली अमरावतीनेच त्यांना लोकसभेत पाठविले होते. शिवाय त्या इथल्या शेखावतांच्या सूनबाई. चांदूर रेल्वेच्या स्टेशनाजवळ चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी मला गाठले.

"मास्तर, ताईले मत द्याले कोनत्या शाळेत जा लागते?"

मास्तरकीच्या सवयीने मी त्यांना धडाच दिला. राष्ट्रपतीला मत आपण देत नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरतात आणि तो हिशेब १९७१ च्या शिरगणतीवरून केलेला आहे. बाबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"अन् त्या आमदाराले कोनं निवडलं?"

"आपण."

"मंग झालं तं! पयलं मत माहंच."

इतकी वर्षे नागरिकशास्त्र शिकवून मला जे एका वाक्यात सांगता आले नव्हते, ते बाबांनी कपातला चहा निवायच्या आत सांगितले. पेन्शनीत निघाल्यावर मी मतदार जागृतीच्या कामाला लागलो, तो त्या वाक्यामुळे.

आमची मंडळी म्हणजे चार पेन्शनर आणि कॉलेजची सात-आठ मुले. कोणत्या पक्षाचा झेंडा नाही की बिल्ला नाही. हातात मतदारयादी आणि पायात चपला, एवढेच भांडवल. पहिली अडचण भूगोलाचीच. चांदूर रेल्वेचा जिल्हा अमरावती, विधानसभेचा मतदारसंघ धामणगाव रेल्वे आणि लोकसभेचा वर्धा! "आमच्या खासदाराले पाहाले वर्ध्याले काऊन जा लागते?" या प्रश्नाला उत्तर देता देता अर्धी आळी संपे.

दुसरी अडचण यादीची. गेलेली माणसे यादीत खुशाल नांदत होती आणि घरात नांदणाऱ्या सुना यादीत नव्हत्या. त्यांची नावे अजून माहेरीच. सहा सहा वर्षे झाली लग्नाला, पोर शाळेत जाऊ लागले, पण नाव काही सासरी आले नव्हते. हिवाळ्यात घरोघर बसून आम्ही त्यांचे अर्ज भरून दिले.

बायकांच्या नावांची ही कथा जुनीच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या लाखो स्त्रियांनी यादीवाल्यांना स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालू दिल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. पुढे एका स्त्रीच्याच हातून, राष्ट्रपती प्रतिभाताईंच्या, २५ जानेवारी २०११ रोजी 'राष्ट्रीय मतदार दिवस' सुरू झाला. ही माहिती मी प्रत्येक घरी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

२६ एप्रिल २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. वऱ्हाडातला एप्रिल म्हणजे तापलेला तवा. सकाळी सातपासून आम्ही आळीतून फिरत होतो. एक आजी ओट्यावरून हलेनात. "कायले येऊ? मतानं माह्या तुरीले भाव येनार हाय का?" मी म्हटले, "आजी, मत दिल्याने भाव येईल असे मी सांगत नाही. पण दिले नाही, तर भाव विचारायचे तोंड राहत नाही." आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि रिक्षात बसल्या.

संध्याकाळी सहा वाजता केंद्राचे फाटक लागले. आमच्या यादीवर बरोबरच्या खुणाच खुणा! विजयी सेनापतीच्या थाटात मी घरी आलो. सौ.ने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि माझी नजर तिच्या बोटावर गेली. बोट कोरे होते.

"अहो, तू मत दिले नाहीस?"

"केव्हा देणार? सकाळी तुमच्या पोरांचा चहा, दुपारी पिठलं-भाकरी, चार वाजता पुन्हा चहा. साडेपाचला निघाले, तर तुमचा निरोप आला, 'दोघे उन्हाने थकलेत, लिंबाचं सरबत पाठव.'"

मी यादी काढून पाहिली. तिच्या नावापुढे पहिली खूण होती, आदल्या रात्रीच माझ्या हाताने केलेली. घरचे मत जाते कुठे, म्हणून! १९५१ च्या बायकांना निदान यादीवाल्यांनी गाळले होते. माझ्या बायकोला मी यादीत ठेवून गाळले होते. ती काही बोलली नाही. त्या रात्री पानातले पिठले मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

नोव्हेंबरात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिकडे अध्यक्षाची निवडणूक ५ तारखेला, मंगळवारी. मंगळवार का, तर १८४५ सालच्या कायद्यात तसे आहे. रविवारी चर्च आटोपून गाडीने दूरच्या गावी मताला जाणाऱ्या शेतकऱ्यांची ती सोय होती. आज त्या दिवशी सर्वांना सुटी नसते. भाची नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात जाऊन दारोदार हिंडत होती. मी माझे अनुभव रंगवून सांगू लागलो. मध्येच तिने विचारले, "मामा, आणि मामीनं मत दिलं ना?"

सात समुद्रांपलीकडून नेम बरोबर लागला.

२० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान आले. पहाटे पाचला उठून मी चहाचे आधण ठेवले. साखर कुठे असते, हे विचारण्यात पाच मिनिटे गेली. सातच्या ठोक्याला सौ. इरकली लुगडे नेसून रांगेत पहिली उभी होती. पाऊण तासाने परतली ती बोट उंच धरूनच.

"आता तुम्ही जा," ती म्हणाली, "पोरांचं मी पाहते. पण आधी यादी इकडे द्या."

तिने स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हाताने खूण केली. माझ्या नावापुढची जागा कोरीच ठेवली. म्हणाली, "शाई दाखवाल, तेव्हा."