निघण्यापूर्वीचा अर्धा तास

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि भिवंडी तालुका ७०१ किलोमीटरच्या सलग रस्त्याने नागपूरशी जोडला गेला. त्याचे कौतुक झाले ते रास्तच आहे. परंतु रस्ता जितका सरळ आणि वेगवान, तितकी त्यावर उतरणाऱ्या वाहनाची परीक्षा कठोर असते, या गोष्टीकडे मात्र दुर्लक्षच झाले. खड्ड्यांच्या रस्त्यावर वाहन सावकाश चालते, वरचेवर थांबते आणि त्यातला दोष चालकाच्या ध्यानात येण्यास अवसर मिळतो. अखंड धावणाऱ्या वाहनात तोच दोष तासन्‌तास तापत राहतो आणि प्रकट होतो तो अपघाताच्याच रूपाने. म्हणून प्रश्न केवळ रस्त्याचा नाही, रस्त्यावर काय सोडले जाते याचाही आहे. आणि तो भिवंडीइतका दुसऱ्या कोणत्याही गावाने आपला मानायला नको.

यंत्रमागांचे हे गाव गेल्या काही दशकांत गुदामांचे गाव झाले. मुंबईच्या जकातीबाहेर पण मुंबईच्या वेशीवर, हे त्याच्या भरभराटीचे पहिले कारण. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गुदामे वाढतच राहिली. माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांच्या शिवारात भात पिकत असे, तेथे आज देशभरचा माल उतरतो आणि चढतो. या व्यवहारात एक विचित्र विसंगती आहे. ट्रेलर माल भरण्यासाठी गुदामाच्या दाराशी कित्येक तास, प्रसंगी दिवसभर ताटकळतो. त्या वेळेची कोणाला क्षिती नसते. पण माल भरून दोर आवळले आणि बिल्टी हातात पडली, की त्याच ट्रेलरला घटकाभरही उभे राहू दिले जात नाही. दिवसभर वाया घालवलेला वेळ चालकाने रात्रीच्या रस्त्यावर भरून काढावा, अशी सर्वांची अपेक्षा असते.

याच किनारपट्टीवर दुसरी एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. भिवंडीच्या खाडीचे नाव शिवकालीन जहाजबांधणीशी जोडलेले आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच परिसरात झाला. दर्यावर जाणाऱ्या माणसाने नावेची डागडुजी हा कधीच फावल्या वेळचा उद्योग मानला नाही. आजही पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, नावा किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, सांधी बुजवल्या जातात, इंजिने उघडली जातात, आणि मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला जातो. पूजा तयारीनंतर येते, तयारीऐवजी नव्हे. ट्रेलरच्या बाबतीत मात्र पुढे लिंबू-मिरची बांधली की तयारी संपली, असे समजणारे पुष्कळ आहेत.

वास्तविक ही तयारी काही गहन विद्या नाही. ओढणारे पुढचे वाहन, म्हणजे चालकांच्या बोलीतला ‘घोडा’, आणि मागचा ट्रेलर यांची जोडणी घट्ट बसली आहे की नाही, हे ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा किंचित पुढे ओढला की कळते. जुळ्या टायरांपैकी आतल्याची हवा गेली तर बाहेरून काही दिसत नाही. सारा भार जोडीच्या टायरावर येतो, तो तापतो आणि फुटतो. हातोडीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकणे हा त्यावरचा जुना उपाय आजही खोटा ठरलेला नाही. चाक बदलले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. पहिल्या थांब्यावर चाकाच्या हबजवळ हात नेला, तर बेअरिंग कोरडे पडले आहे काय ते उष्णतेवरून समजते. हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या टाक्यांत पाणी साचते, आणि कोकणच्या दमट हवेत ते लवकर साचते. ते काढून टाकणे हे दोन मिनिटांचे काम. कसाऱ्याचा घाट चढून जाणाऱ्याला त्या दोन मिनिटांची किंमत कळत नाही. तोच घाट भरल्या वजनाने उतरणाऱ्याला ती नेमकी कळते.

मालाच्या रचनेचेही तसेच आहे. भार ट्रेलरच्या मागच्या टोकाला एकवटला तर जोडणीवरचा दाब कमी होतो, घोड्याच्या चाकांची रस्त्यावरील पकड ढिली पडते आणि मागचा भाग डोलू लागतो. नाव ट्रेलरवर चढवून रस्त्याने नेणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. गोलसर बुडाची, वारा धरणारी ती वस्तू दोन्ही अंगांनी टेकू देऊन आणि पुढे-मागे आवळून बांधल्याखेरीज कोणी हलवीत नाही. कापडाच्या गाठी आणि खोकी दिसायला निरुपद्रवी असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही सावधगिरी गळून पडते.

आणि मागचे दिवे! १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर एका ट्रकवर मागून मिनीबस आदळली आणि १२ जण प्राणास मुकले. त्या अपघाताची कारणे काहीही असोत. एवढे खरे की अंधारात समोर उभ्या असलेल्या वा मंद चालणाऱ्या अवजड वाहनाची जाणीव मागच्याला वेळेवर होणे, यावर कित्येक जीव अवलंबून असतात. चिखलाने माखलेली परावर्तक पट्टी फडक्याने पुसण्यास किती वेळ लागतो?

यावर ठरलेले उत्तर असे, की हे सारे चालकाचे काम आहे. कायदा तसे म्हणत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या १९४ व्या कलमाखाली जादा भार वाहून नेल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, आणि तो केवळ चालवणाऱ्याला नव्हे, तर तसे वाहन चालवावयास लावणाऱ्यालाही लागू आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास काम ठरवून दिले होते. माल चढवणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्याचा अभिमान बाळगावा असेच ते पाऊल होते. पण माल घेऊन जाणाऱ्याच्या तयारीचा वेळ आजही कोणाच्या हिशेबात नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला, वेळ वाढला नाही.

खर्च वाढेल, स्पर्धेत टिकता येणार नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. भाड्याचे दर खेचाखेचीने ठरतात आणि उशिराचा भुर्दंड वाहतूकदाराच्या माथी येतो. पण नागपूरचा प्रवास ताशी पन्नास किलोमीटरच्या सरासरीने चौदा तासांचा आहे. त्यात अर्धा तास म्हणजे काय? गुदामाच्या दारातली प्रतीक्षा तासाभराने कमी केली, तर हा अर्धा तास फुकटच पदरात पडेल. फिटनेस प्रमाणपत्राचा आधार घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरते बोलते, निघण्याच्या रात्रीविषयी नाही.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. हा आकडा केवळ दंड वाढवून खाली येणार नाही. भिवंडीतील गुदाममालकांनी आपल्या आवारात सपाट, उजेडाची जागा राखावी, तेथे हवा भरण्याची सोय असावी, आणि तपासणीचा कागद चालक व माल पाठवणारा या दोघांच्या सहीखेरीज बिल्टीला जोडला जाऊ नये. दोष सापडल्यामुळे निघण्यास नकार देणाऱ्या चालकाचे भाडे कापले जाणार नाही, एवढी हमी वाहतूकदारांच्या संघटनांनी मिळवावी, आणि परिवहन खात्याने ती पाळली जाते की नाही हे पाहावे. यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. माल पाठवणाऱ्याने एवढेच मान्य करावे, की गुदामाचे दार बंद झाले म्हणजे त्याची जबाबदारी संपली असे होत नाही. ट्रेलर मुक्कामी पोचेपर्यंत ती त्याच्याबरोबर प्रवास करीत असते.