चीवराला राजकारणाचा विटाळ होतो काय?

परवां शाळेच्या वह्या घेण्याकरितां सोलापुरास नवी पेठेंत गेलों होतों. दुकानांत बुद्धगयेच्या भिक्खूंची गोष्ट निघाली. एक शहाणे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, भिक्खूनें ध्यान करावें. उपोषण, मोर्चे हें राजकारण त्याला कशाला?" वाचकहो, या शहाणपणाचें पाणी जोखून पाहूं.

बुद्धगयेचें महाबोधि मंदिर म्हणजे भगवान बुद्धांस जेथें बोध झाला ती जागा. तिचा कारभार १९४९ च्या बिहारच्या कायद्यानें चालतो. समितींत चार बौद्ध, महंतासुद्धां चार हिंदु, आणि अध्यक्ष जिल्ह्याचा कलेक्टर! कलेक्टर हिंदु नसला तर सरकारनें दुसरा हिंदु अध्यक्ष नेमावा, असें कलमही त्यांत २०१३ पर्यंत होतें. म्हणजे बौद्धांच्या घरांत बौद्धांनाच बहुमत नाहीं. मग तेथें राजकारण कोणीं घुसविलें? भिक्खूंनीं, कीं कायदा करणारांनीं? नागपूरचे भदंत सुरेई ससाई १९९२ पासून याचसाठीं झगडले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें भिक्खू तेथें उपोषणास बसले तेही याचसाठीं.

"बुद्ध हा विष्णूचा अवतार, तेव्हां आमचाही वांटा!" असें कोणी म्हणतात. दर्शनाला कोणाची ना आहे? पण दर्शन वेगळें आणि किल्ली वेगळी. हें पंढरीच्या वारकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. बडव्यांचा हक्क काढण्यास १९७३ चा कायदा करावा लागला, आणि त्यावरचा तंटा सुप्रीम कोर्टांत २०१४ सालीं मिटला. त्याच पंढरींत विठोबाचें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून १९४७ सालीं साने गुरुजी उपोषणास बसले. तें पुण्य, आणि भिक्खूचें उपोषण मात्र राजकारण! हा कोणत्या गांवचा न्याय?

चीवर घातलें म्हणजे सारेंच शुद्ध, असें मी म्हणत नाहीं. ब्रह्मदेशांत २००७ सालीं भिक्खूंनीं लष्करशाहीविरुद्ध मोर्चे काढले, सैन्याची भिक्षा नाकारून पात्रें पालथीं घातलीं; आणि त्याच देशांत विराथू नांवाच्या भिक्खूनें मुसलमानांविरुद्ध विष पेरलें. पहिल्यांना नमस्कार, दुसऱ्याचा धिक्कार! आपला हक्क मागणें निराळें, दुसऱ्याचें घर पेटविणें निराळें. भिक्खू रस्त्यावर आला कीं नाहीं हें पाहूं नका. तो कशासाठीं आला तें पाहा.

मीं त्या गृहस्थांना इतकेंच विचारलें, "उद्यां तुमच्या कुलदैवताच्या देवळांत तुमच्या माणसांना बहुमत नसलें, तर तुम्ही ध्यान करीत बसाल काय?" त्यांनीं वह्यांचा भाव काढला.

शेतकरी-कारागीर बंधूंनो, ज्याच्या कमरेला किल्ली, त्याच्याच तोंडीं "राजकारण नको" हा उपदेश असतो. आपल्या गांवच्या देवळाची आणि सोसायटीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे तें आधीं पाहा, मग भिक्खूला शहाणपण सांगा.