सवलत मिळाली, एसटी कुठे गेली?

महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटावर आज जितक्या सवलती आहेत, तितक्या पूर्वी कधीच नव्हत्या. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो. मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट लागतं. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना मोफत पास आहे, इतर विद्यार्थ्यांना एक तृतीयांश भाड्यात मासिक पास आहे. या सवलतींचे फलक प्रत्येक बसस्थानकावर आहेत, त्यावर नेत्यांचे हसरे चेहरे आहेत. त्याच फलकाखाली बाकड्यावर लोक दोन-दोन तास बसून असतात आणि चौकशीच्या खिडकीतून एकच उत्तर येतं, ‘येईल’.

सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळतं. गाडीच आली नाही तर अर्धं काय आणि मोफत काय! सरकारने लोकांच्या हातात सवलत दिली आणि पायाखालची गाडी काढून घेतली, हा सरळ हिशोब आहे. या हिशोबात सगळ्यात मोठा तोटा गावातल्या आणि मोहल्ल्यातल्या मुलींचा झाला आहे, आणि त्यावर आपण मुसलमान म्हणून आणि महाराष्ट्राचे नागरिक म्हणून गप्प आहोत. म्हणून हे लिहावं लागतंय.

मुक्कामी गाडी

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. पुढे ‘गाव तिथे एसटी’ हे धोरण झालं आणि ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद झालं. त्या ब्रीदाचा खरा अर्थ ज्या एका गोष्टीत दिसायचा, ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची बस गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघायची. दूध, भाजी, पेशंट, कोर्टाची तारीख, कॉलेज, सगळं त्या गाडीवर चालायचं. गावात घड्याळ नसलेल्या घरालाही साडेसहा वाजलेले कळायचे.

आज कित्येक गावांत ही गाडी बंद आहे. आधी रविवारची बंद झाली, मग परीक्षा संपल्यावर बंद झाली, मग ‘गाडी ब्रेकडाऊन आहे’ म्हणून बंद झाली आणि परत आलीच नाही. कुणी आदेश काढून बंद केली असती, तर निदान मोर्चा काढता आला असता. इथे आदेश नाही. वेळापत्रकाच्या फलकावर ती फेरी अजून रंगवलेली आहे.

ही फेरी कशी मरते ते समजून घ्यायला हवं. आगाराच्या भाषेत एक शब्द आहे, ‘भारमान’. गाडीतल्या एकूण जागांपैकी किती भरल्या, त्याचं ते प्रमाण. भारमान कमी असलं की फेरी तोट्याची ठरते आणि गाड्या कमी पडल्या की पहिली कुऱ्हाड तिच्यावर येते. फेरी आठवड्यातून दोनदा चुकली की माणूस तिच्या भरवशावर राहत नाही, तो वडापने जातो. मग भारमान आणखी कमी होतं आणि साहेब कागद दाखवून म्हणतात, ‘बघा, तुमच्या गावाला प्रवासीच नाहीत.’ प्रवासी आहेत. तुम्ही त्यांना हाकललंत आणि आता ते नाहीत म्हणून गाडी नाही म्हणता.

मार्च 2020 चा लॉकडाऊन आणि ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 पर्यंतचा संप, या दोन धक्क्यांनी हे चक्र वेगाने फिरलं. संपकरी कर्मचाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगारावर त्यांनी ही सेवा वर्षानुवर्षं ओढली. पण त्या महिन्यांत गेलेला प्रवासी परत आणण्यासाठी सरकारने काय केलं? कोरोनाआधी महामंडळाकडे सुमारे 18 हजार गाड्या होत्या, नंतर तो ताफा 15 हजारांच्या आसपास आला. गाड्या जुन्या झाल्या, नव्या वेळेत आल्या नाहीत. 5,150 ई-बस भाड्याने घेण्याचा गाजावाजा झाला, त्याही ठरल्या वेळी आल्या नाहीत. आणि जानेवारी 2025 मध्ये भाडं मात्र 14.95 टक्क्यांनी वाढलं. ते अगदी वेळेवर आलं.

त्यात सरकारी कार्यक्रमांची भर. नेत्यांची सभा असली, लाभार्थ्यांचा मेळावा असला की आगारातल्या गाड्या गर्दी वाहायला जातात आणि त्या दिवशी गावच्या फेऱ्या रद्द होतात. आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सुटतात, उरुसाला सुटतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. ती लोकांची गरज आहे आणि एसटी त्यासाठीच आहे. पण ‘शासन आपल्या दारी’ म्हणायचं आणि दारात येणारी एकुलती एक बस सभामंडपाकडे वळवायची, याला काय म्हणायचं?

दहावीनंतरची चौदा किलोमीटर

आता मुद्द्याचं. मुस्लिम मुली दहावीनंतर शिकत का नाहीत, यावर आजवर भरपूर बोललं गेलं आहे. टीव्हीवरचे अँकर म्हणतात, धर्म आडवा येतो. आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतात, जमाना खराब है. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे. बसबद्दल दोघेही बोलत नाहीत.

एका साध्या घराचा विचार करा. गावात दहावीपर्यंत शाळा आहे, ज्युनिअर कॉलेज चौदा किलोमीटरवर तालुक्याला आहे. सकाळची गाडी आली तर मुलगी पहिल्या तासाला पोहोचते, नाही आली तर दिवस गेला. परतीची साडेचारची गाडी रद्द झाली तर पुढची साडेसहाची, तीही येईलच असं नाही. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. अम्मी दारात उभी, अब्बांचे चार फोन. असं महिन्यातून आठ वेळा झालं की घरात एक वाक्य उच्चारलं जातं, ‘बस झालं आता, बाहेरून परीक्षा दे.’ पुढचं सगळ्यांना माहीत आहे. स्थळं बघायला सुरुवात होते.

हा निर्णय कुठल्या मौलानाने दिला नाही, कुठल्या फतव्यात लिहिला नाही. तो आगारात, त्या दिवशीची फेरी खोडणाऱ्या पेनाने झाला. अब्बांची भीती खोटी नाही. रस्त्यावर अंधारात मुलगी उभी आहे आणि गाडीचा पत्ता नाही, याची भीती कुठल्याही बापाला वाटेल. मराठा बापाला वाटते, बौद्ध बापाला वाटते, धनगर वाडीवरच्या आणि आदिवासी पाड्यावरच्या बापालाही वाटते.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमबहुल वस्त्यांतले खराब रस्ते आणि वाहतुकीच्या सोयीचा अभाव यांची नोंद आहे. राज्य सरकारनेच नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. या दोन्ही अहवालांतून आपण आरक्षणाचा आकडा तेवढा उचलला आणि भाषणात वापरला. आरक्षण हवंच. पण राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलीला वर्गापर्यंत नेणार कोण?

राज्याला हे कळत नाही असंही नाही. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या, त्या काही उगाच नाहीत. सरकारला ठाऊक आहे की शाळा आणि बस या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मग जो नियम काही तालुक्यांना लागू होतो तो बाकीच्यांना का नाही?

वडाप भरल्यावर सुटतं

आता थोडं आपल्या घरात बघू. एसटीची जागा ज्या जीप, काळी-पिवळी आणि सहा आसनी रिक्षांनी घेतली, त्यांच्या स्टेअरिंगवर बऱ्याच ठिकाणी आपलीच पोरं आहेत. गॅरेज आपलं, टायरचं दुकान आपलं. नोकरी मिळाली नाही म्हणून कर्ज काढून गाडी घेतली, रात्रंदिवस चालवून हप्ते फेडतात. त्यांच्या कष्टाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण त्यांच्यामुळे आपण बसची मागणी करायला बिचकतो, हे खरं आहे. ‘कशाला आपल्याच माणसाच्या पोटावर पाय?’

फरक एवढाच की वडाप भरल्यावर सुटतं आणि एसटी वेळेवर सुटते, निदान सुटायला हवी. नऊची जागा असताना चौदा माणसं कोंबल्याशिवाय जीपवाल्याला परवडत नाही. त्या कोंबाकोंबीत आपली मुलगी, बहीण कशी बसते ते प्रत्येकाने बघितलं आहे. मोफत पास तिथे चालत नाही, अर्धं तिकीट चालत नाही, अपघात झाला तर नुकसानभरपाईला वाली नाही. रात्री आठनंतर तर जीपही नाही. कॉलेजची वेळ गाडी भरण्यावर ठरत असेल, तर ते कॉलेज चालणार नाही. जीपवाल्याला प्रवासी मिळत राहतील, लग्नाच्या आणि दवाखान्याच्या खेपा राहतील. मुलीचं हुकलेलं वर्ष परत येत नाही.

शहरातही वेगळं काही नाही. भिवंडीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर होती, मालेगावची पावणेपाच लाखांवर. दोन्ही यंत्रमागांची, कष्टकऱ्यांची, मुस्लिमबहुल शहरं. महापालिका होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी शहरातल्या रोजच्या प्रवासाचा भार शेअर रिक्षावरच आहे. कायद्यात शहर बससेवा हे महापालिकेचं ऐच्छिक कर्तव्य आहे, बंधनकारक नाही. ऐच्छिक म्हटल्यावर कुणाची इच्छा होणार? चौकात स्वागत कमानी उभारायची इच्छा मात्र दरवर्षी होते.

तोटा कुणाचा?

लगेच उत्तर येईल, एसटी तोट्यात आहे. पोलीस ठाणं तोट्यात आहे असं कुणी म्हणतं का? जिल्हा परिषदेच्या शाळेचं भारमान कुणी काढतं का? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला, त्यासाठी हजारो कोटी उभे राहिले. तेव्हा तोट्याची भाषा नव्हती, तेव्हा विकासाची होती. ज्याच्या दारात कार आहे त्याच्यासाठी विकास आणि ज्याच्या हातात पास आहे त्याच्यासाठी तोटा. शिवाय एसटीच्या प्रत्येक तिकिटातून राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. सवलतींची घोषणा मंत्रालयातून होते आणि त्यांच्या प्रतिपूर्तीच्या पैशांसाठी महामंडळाला पुन्हा सरकारच्याच दारात उभं राहावं लागतं. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचं आणि वर म्हणायचं की तोट्यात आहे!

मग करायचं काय?

रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणं हा ईमानचा एक भाग आहे, हे आपण मकतबमध्ये शिकलो. रस्त्यावर गाडीच नसणं, याहून मोठा दगड कुठला? जुम्याच्या नमाजनंतर जलशाची घोषणा होते, हरवलेल्या पाकिटाची होते, चंद्याची होते. सकाळची बस महिनाभर आली नाही, याची घोषणा का होऊ नये?

काम अवघड नाही. एक वही घ्या. महिनाभर रोज लिहा, कुठली फेरी आली, कुठली आली नाही, किती उशिरा आली. हे काम कॉलेजच्या मुलीच उत्तम करतील. गावातून किती पास निघाले तो आकडा आगाराकडेच असतो. पास विकलात म्हणजे प्रवासी आहे, हे तुम्हीच कबूल केलंत. मग माहितीच्या अधिकारात रद्द फेऱ्यांची यादी मागा आणि वहीशी ताडून बघा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यावर सगळ्या आळ्यांच्या सह्या घ्या, एकट्या मोहल्ल्याच्या नको. अर्ज फक्त मुसलमानांचा असला की तो ‘त्यांचा प्रश्न’ होतो. बौद्धवाडा, मराठा आळी, धनगर वस्ती आणि मोहल्ला एका कागदावर आले की आगारप्रमुखाला उत्तर द्यावं लागतं. तीस वर्षं आपल्या प्रत्येक मागणीवर धर्माचा शिक्का मारला गेला. बस ही अशी मागणी आहे की तिच्यावर तो शिक्का बसतच नाही.

आणि एक जबाबदारी आपलीही. मुक्कामी गाडी बंद होण्यामागे ड्रायव्हर-कंडक्टरची एक खरी तक्रार असते. झोपायला जागा नाही, संडास नाही, डास फोडून खातात. प्रत्येक गावात समाजमंदिर आहे, शादीखाना आहे. तिथली एक खोली, दोन खाटा, पंखा आणि पाणी एवढं गाव देऊ शकत नाही का? मुसाफिराची खिदमत म्हणून जी कौम डेगा चढवते, तिला दोन माणसांच्या बिछान्याची सोय जड जाऊ नये.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येईल, टोपी घालेल, खजूर खाईल, कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी जाहीर करेल. भिंत जरूर घ्या. पण आधी त्याला एवढंच विचारा, आमच्या गावची सकाळची एसटी किती वाजता येते? त्याला वेळ सांगता आली नाही तर त्याचं भाषण ऐकत बसू नका. आणि त्याने बरोबर वेळ सांगितली, तर दुसऱ्या दिवशी त्या वेळेला त्यालाही थांब्यावर बोलवा.